माणिक पेठेची गंधनोंद

मला वास येत नाही. सर्दीमुळे नव्हे, जन्मापासूनच. नाक आहे, चांगलं ठसठशीत आहे. माझं चष्म्यांचं दुकान असल्यामुळे गिऱ्हाइकाला फ्रेम लावून दाखवायला उपयोगीही पडतं. पण मोगरा आणि गटार यांतला फरक मला डोळे उघडे असले तरच कळतो.

लग्न ठरत होतं तेव्हा आईनं ही गोष्ट चाचरतच सांगितली. बसलिंगअण्णा शेटे मांडीवर थाप मारून हसले. "काष्ठौषधीवाल्याला बिननाकाचा जावई! चांगलं झालं की. माल जुना हाय म्हणून तक्रार तरी करायचा न्हाई." शेजारी बसलेली नीला ओढणी तोंडाशी धरून हसत होती. माझं तिथंच ठरलं.

सांगलीच्या माणिक पेठेत अण्णांचं दुकान होतं. वेखंड, नागरमोथा, कपूरकाचरी, जटामांसी, हिरडा, सुंठ. बाळंतिणीच्या काढ्यापासून दिवाळीच्या उटण्यापर्यंत सगळं. भिंतभर शिसवी खण, खाली शहाबादी फरशी, आणि फरशीच्या सांध्यांत दर पुरात आत येऊन बसलेला कृष्णेचा गाळ. शेट्यांचं दुकान डोळे मिटून सापडतं असं लोक म्हणायचे. मी अर्थातच डोळे उघडे ठेवून जायचो.

नीला पर्यावरणशास्त्र शिकली, एका सल्लागार कंपनीत लागली, तरी सकाळी दुकान उघडायला तीच जायची. एकुलती एक लेक. झाडलोट करायची, खणांतून खाली सांडलेला चुरा गोळा करायची आणि तोच निखाऱ्यावर टाकून सगळ्या दुकानात धुरी फिरवायची. ही अण्णांच्या आजोबांपासूनची रीत. विकतचा धूप त्या दुकानात कधी पेटला नाही. धुरी झाली की अण्णा गल्ल्यावर बसायचे आणि ही केस झटकत ऑफिसला पळायची.

अण्णा सत्तरीला आले आणि विसरू लागले. आधी नावं, मग रस्ते, मग माणसं. आम्ही त्यांना आमच्या विश्रामबागच्या फ्लॅटवर आणलं. सकाळी उठून ते नीलाकडे असे बघायचे की जणू शेजारची कुणी साखर मागायला आलीय. "बसा की," म्हणायचे. स्वतःच्या लेकीला "बसा की."

पण दुकानात नेलं की अण्णा परत यायचे. मी स्वतः पाहिलंय. पेठेच्या तोंडाशी खांदे सरळ व्हायचे, मिरचीच्या वखारीशी एक शिंक यायची, आणि उंबरठ्याशी पोचेपर्यंत चेहऱ्यावर सगळा माणूस हजर. "नीले, काल सुंठीचं पोतं कुणी उघडं टाकलं?" ती मुद्दाम म्हणायची, "मीच." आणि शिव्या खाताना तिचे डोळे भरून यायचे.

डॉक्टरांनी याचं कारण समजावून सांगितलं होतं. डोळ्यांनी पाहिलेलं, कानांनी ऐकलेलं मेंदूत आधी एका मधल्या चौकीवर जातं, तिथून पुढे वाटलं जातं. वासाचं तसं नाही. त्याची नस जवळपास थेट आठवणींच्या घरातच उतरते. बऱ्याच विस्मरणाच्या आजारांत हीच नस आधी बिघडते. अण्णांचं मात्र उलट होतं. त्यांच्या मेंदूतल्या बारीक रक्तवाहिन्या बुजत चालल्या होत्या. पुढची दारं बंद झाली, पण हे मागचं दार उघडं राहिलं. "जोवर तो वास आहे, तोवर ते तुम्हाला ओळखतील," डॉक्टर म्हणाले. नीलानं त्यांना हे दोनदा म्हणायला लावलं.

आणि मग माणिक पेठेचा पुनर्विकास निघाला.

योजना वाईट नव्हती, हे आधीच सांगतो. सगळी पेठ पाडायची, खांबांवर उचललेला नवा बाजार बांधायचा, खालून पुराचं पाणी येऊ दे नाहीतर जाऊ दे. अशा कामाला आधी पर्यावरणावर होणाऱ्या परिणामांचं मूल्यांकन लागतं. हवा, पाणी, आवाज, झाडं हे सगळं पूर्वीपासून होतंच. नव्या कायद्यानं त्यात एक कलम वाढवलं होतं: जुन्या वस्तीचा वास. तो नष्ट होणार असेल तर त्याची नोंद करायची आणि शेवटी ठरवायचं, हा परिणाम भरून निघण्याजोगा आहे की नाही. "नाही" असं लिहिलं, तर आराखडा परत जाणार आणि काम काही वर्षं लांबणार.

हे काम नीलाच्या कंपनीकडे आलं. पेठ तुझ्या ओळखीची आहे, म्हणून साहेबांनी तिलाच दिलं.

तिचं यंत्र म्हणजे एक करडी पेटी होती, वर चाळणीसारखं तोंड. नाव गंधलेखक; पेठेत सगळे त्याला नाकाडं म्हणायचे. आपल्या नाकात वास ओळखणारी काहीशे प्रकारची प्रथिनं असतात. तीच प्रयोगशाळेत वाढवून पातळ चकतीवर बसवलेली. हवेतला कण चकतीवर आला की काही प्रथिनं जागी होतात, काही झोपलेली राहतात. त्या जागे-झोपेच्या नक्षीची नोंद होते. मग दुसरं यंत्र, गंधक्षेपक, वेगवेगळ्या नळ्यांतले द्रव बारीक प्रमाणात मिसळून तीच नक्षी हवेत पुन्हा उठवतं. नीला मला हे समजावताना हात नाचवायची. मी म्हणायचो, "छान. माझ्यासाठी दोन्ही पेट्या सारख्याच."

महिनाभर ती सकाळी दुकान उघडायची, धुरी करायची, अण्णांना गल्ल्यावर बसवायची आणि पेटी घेऊन पेठेत फिरायची. सुरुवातीला पाच मिनिटं दोन्ही हात पेटीला जोडलेल्या कापडी बाहीत घालून गप्प बसायची. यंत्राला माझी ओळख करून देते, म्हणायची.

मग जनसुनावणी झाली. पालिकेच्या सभागृहात सगळी पेठ जमली होती. नीला नुकतीच वासाचं कलम वाचून दाखवत होती, तोवर मिरचीच्या वखारीच्या शकुंतलामावशी हंजे उभ्या राहिल्या.

"पोरी, तुझं सगळं खरं. पन पानी चढतंय तवा मिरचीची पोती पाठीवर घिऊन माळ्यावर चढनारी मी. गेल्या पुरात आमचे मालक त्याच जिन्यावरनं घसरले, ते उठलेच न्हाईत. वासाचं काय घिऊन बसलीस? आमाला आदी जगू द्या."

सभागृहात कुणी टाळ्या वाजवल्या नाहीत. नीलानं हातातले कागद मिटले. मावशींनी तिला लहानपणी कडेवर घेतलं होतं आणि त्या बोलल्या त्यात एक शब्द खोटा नव्हता.

निर्णय मात्र नीलाला लिहायचा होता. एका पारड्यात सगळ्या पेठेचा जीव, दुसऱ्या पारड्यात बाप. तिनं सरळ विचार केला: नोंद खरोखर चांगली असेल, तर दोन्ही वाचतील. म्हणून एका रविवारी तिनं अण्णांना आपल्या ऑफिसातल्या चाचणीच्या खोलीत नेलं. पांढऱ्या भिंती, एक खुर्ची, कोपऱ्यात गंधक्षेपक. मीही काचेपलीकडे होतो. नीला आत अण्णांजवळ बसली आणि तिनं कळ दाबली.

थोडा वेळ काहीच झालं नाही. मग अण्णांचे खांदे सरळ झाले. एक शिंक आली. ते उठले आणि खिडकीकडे बघून म्हणाले, "नीले, हिरड्याची पाटी आत घे. आभाळ आलंया."

नीला बाहेर आली ती धावतच. माझ्या गळ्यात पडून रडली, हसली, परत रडली. "झालं रे सुहास, जमलं. पेठ पाडू देत. पेठ या पेटीत आहे."

मी म्हणालो, "मग लिही."

तिनं लिहिलं: परिणाम भरून निघण्याजोगा. एक अट घातली, की नव्या बाजारात ही गंधनोंद रोज चालवावी. पालिकेनं ती आनंदानं मान्य केली.

उन्हाळ्यात पेठ पडली. अण्णांच्या दुकानाचे शिसवी खण एका हॉटेलवाल्यानं नेले, फरशी उखडली गेली, गाळ डंपरमधून कुठं गेला कुणास ठाऊक. उरलेली पोती नीलानं व्यापाऱ्यांना दिलेल्या तात्पुरत्या पत्र्याच्या गाळ्यात ठेवली. सकाळी तिथं जाऊन माल विकायची, चुऱ्याची धुरी करायची, मग घरी येऊन अण्णांच्या खोलीत एक छोटा गंधक्षेपक सुरू करायची. आणि अण्णा तिला ओळखायचे. रोज. आमच्या तिसऱ्या मजल्यावरच्या फ्लॅटमध्ये बसून ते नीलावर दुकानातल्यासारखी हुकमत गाजवायचे, मला "काय जावईबापू, काय म्हणतंय नाक?" विचारायचे. त्या काही महिन्यांइतकं सुख आमच्या घरात आधी कधी नव्हतं.

पोती संपली. आता नवा बाजार झाल्यावरच माल भरू, असं ठरवून नीलानं पत्र्याचा गाळा पालिकेला परत दिला आणि ती पूर्णवेळ ऑफिसात रमली.

त्यानंतर अण्णांची ओळख पातळ होत गेली. आधी "नीले" म्हणायला वेळ लागू लागला. मग "तू... तू आपली..." आणि मग एक दिवस यंत्र चालू असताना, शिंक येऊन गेल्यावरही, त्यांनी तिच्याकडे पाहिलं आणि म्हणाले, "बसा की."

डॉक्टर म्हणाले, आजार पुढे सरकलाय. आम्हीही तसंच धरून चाललो. अशा वेळी माणूस आजारावरच सगळं ढकलतो, ते सोपं असतं.

दीड वर्षानं नव्या बाजाराचं उद्‌घाटन झालं. उंच खांब, रुंद जिने, मोकळी हवा. आदल्याच पावसात पाणी आलं होतं आणि खांबांखालून निमूट निघून गेलं होतं. कुणाचं पोतंसुद्धा भिजलं नाही. यंत्रं सुरू झाली. शकुंतलामावशी भिंतीला हात लावून उभ्या राहिल्या. "आगं, हीच की गं आमची पेठ," म्हणत त्या डोळ्यांना पदर लावू लागल्या. मला कसलाच वास येत नव्हता, म्हणून मी माणसांचे चेहरे बघत होतो. पेठ खरंच परत आली होती, चेहऱ्यांवर दिसत होती.

आणि अण्णा! अण्णा खडखडीत जागे झाले. नीलाचा हात सोडून ते पुढे चालू लागले. "ही हंज्यांची वखार. शकू, मालकास्नी सांग, शेटे येऊन गेले. हा गुळाचा अड्डा. हे चिंचवाले. हा सुतळीवाला." सगळी पेठ त्यांनी ओळीनं ओळखली, एक नाव चुकलं नाही. नीला मागून जवळजवळ पळत होती. तिचा चेहरा फुलला होता.

सुतळीवाल्याच्या पुढे अण्णा थांबले. तिथं त्यांचाच नवा गाळा होता, पाटीसुद्धा होती. त्यांनी हवेत मान फिरवली. पुढे गेले, मागे आले.

"हितं शेट्यांचं दुकान होतं," ते म्हणाले. "कुटं गेलं?"

"अण्णा, हे काय. हेच की."

त्यांनी नीलाकडे पाहिलं. तिला टाळून त्यांची नजर मागच्या माणसांवर गेली. "अवो, कुनीतरी सांगा. हितं दुकान होतं. माझी पोरगी आत हाय."

नीला मटकन खाली बसली. मला वाटलं चक्कर आली. तिला आलं होतं ते भान. घरी परत येताना गाडीत तिनं एका दमात सांगितलं, समोरच्या काचेकडे बघत.

यंत्र फिरवणाऱ्या माणसाच्या अंगालाही वास असतो. तो नोंदीत येऊ नये म्हणून यंत्राला आधी तो हुंगवतात. प्रथिनं त्या वासाला सरावतात आणि पुढे त्याला जागीच होत नाहीत. आपल्याला आपल्या घराचा वास येत नाही, तसंच. त्यासाठीच ती बाहीत हात घालून बसायची. धुरी करून आलेले हात. केसांत, कपड्यांत, नखांत शेट्यांचं दुकान. लहानपणापासून कातडीत मुरलेलं. यंत्रानं सांगितलेलं काम चोख केलं: नीलाचा म्हणून जो वास होता, तो पेठेतून काढून टाकला.

"सगळी पेठ आली, सुहास. फक्त आपलं दुकान नाही आलं."

"पण चाचणीच्या दिवशी तर..."

"त्या दिवशी मी शेजारी बसले होते ना. सकाळी दुकान उघडून गेले होते. पत्र्याच्या गाळ्यात होते तोवरही तेच, पोती जुन्या दुकानातलीच होती. दुकान माझ्या अंगावर होतं. ते धुऊन निघालं आणि... मूळ नोंद वेगळी अशी नसतेच. यंत्राला तो वास आलाच नाही. कुठून परत आणू?"

मग ती माझ्याकडे वळली. "माझ्या अंगाचा तो वास गेला हे ऑफिसातल्या सगळ्यांना कळलं होतं. भाजीवाली म्हणाली होती, ताई, हल्ली साबण बदलला का. मी हसून सोडून दिलं."

मी इतकी वर्षं तिच्या शेजारी झोपत होतो. माझ्याकडे नाक असतं तर पहिल्याच आठवड्यात तिला सांगितलं असतं. आयुष्यात पहिल्यांदा मला माझ्या नाकाचा राग आला, इतका की गाडी बाजूला घ्यावी लागली.

तिनं प्रयत्न सोडले नाहीत. वेखंड आणलं, नागरमोथा आणला, तेच वाण, त्याच व्यापाऱ्यांकडून. घरात पोती मांडली, चुरा जाळला. अण्णांनी हुंगून पाहिलं. "माल चांगला हाय," सभ्यपणे म्हणाले, "कुनाचं दुकान?" तीन पिढ्यांचं लाकूड, धूर आणि पुराचा गाळ विकत कुठं मिळणार?

आता यंत्र लावलं की अण्णांना पेठ आठवायची आणि पेठेत आपली लेक आहे हेही आठवायचं. फक्त दुकान सापडायचं नाही. ते टोपी घालून दाराशी जायचे. "पोरगी एकटी हाय दुकानात. पानी चढायलंय." मग नीलालाच विचारायचे, "बाई, तुमी पेठेतल्या न्हवं? आमच्या नीलाला बगितलंत?"

"बघितलं, अण्णा. बरी आहे ती."

"जेवली का?"

"जेवली."

तेवढ्यापुरते ते खुर्चीत टेकायचे. लगेच पुन्हा टोपी.

मी म्हणालो, "नीला, बंद कर ते यंत्र. त्यांचे हाल होतायत."

"बंद केलं की ते मला शोधणार पण नाहीत," ती म्हणाली. "आत्ता निदान शोधतात तरी."

अण्णांचं जेवण कमी होत गेलं, गालफडं बसली, दाराच्या कडीशी झटून बोटं सोलली. यंत्र चालूच राहिलं. रोज तासभर त्या घरात एक बाप आपल्या लेकीला हाका मारायचा आणि लेक समोर बसून ऐकायची. तिला ते हवं होतं. तिला दोष द्यायची माझी छाती नाही.

एका दुपारी आमची नजर चुकवून अण्णा जिन्यात गेले. खालच्या वळणावर सापडले, गुडघा फुटलेला, कठड्याला दोन्ही हातांनी धरून. वरच्या मजल्याकडे बघून ओरडत होते, "नीले, माळ्यावर चढ! मी आलो!" त्यांना डोळ्यांसमोर पाणी दिसत होतं. नीला त्यांना मिठी मारून म्हणत होती, "अण्णा, मी इथंच आहे, मी नीला." ते तिला दूर ढकलत होते. "सोडा बाई. माझी पोरगी बुडंल."

आम्ही त्यांना वर आणलं, गुडघा बांधला. नीला उठली, यंत्रापाशी गेली आणि तिनं कळ बंद केली. खोलीच्या खिडक्या उघडल्या, पंखा लावला. मला तर काहीच कळत नव्हतं, म्हणून मी अण्णांच्या चेहऱ्याकडे बघत बसलो. कपाळावरची आठी हळूहळू सैल झाली. मुठी उघडल्या. त्यांनी टोपी काढून मांडीवर ठेवली आणि खिडकीबाहेरच्या उन्हाकडे शांत बघू लागले. कित्येक आठवड्यांत मी त्यांना असं निवांत पाहिलं नव्हतं.

नीला त्यांच्यासमोर जमिनीवर बसली. तिला ते विचारायला नको होतं. तिनं विचारलंच.

"अण्णा, नीला कुठंय?"

त्यांनी तिच्याकडे मायेनं पाहिलं, परक्या माणसाकडे बघतात तसं. "कोन नीला?"

खोलीत पंखा फिरत होता. नीलानं त्यांच्या मांडीवरची टोपी उचलून घडी केली.

"होती एक," ती म्हणाली. "पेठेत. चहा घेणार?"

"घेऊ की," अण्णा म्हणाले. "साखर जरा जास्त घाला, बाई."